एक्केचाळीस भरीव झाडं

मिस्त्रींना एक टेबल करायचं होतं. सुताराला टेबल करायचं होतं, त्यात सांगण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण मिस्त्रींनी बत्तीस वर्षं दारं केली, खिडक्या केल्या, पलंग केले, कपाटं केली, शाळेचे बाक केले, आणि त्यातल्या एकाही वस्तूवर त्यांचं नाव नव्हतं. दाराला कोण विचारतं, बाबा रे, तुला केलं कुणी? दार नीट लागलं की माणूस सुताराला विसरतो. लागलं नाही तरच त्याची आठवण काढतो, आणि ती कुठल्या शब्दांत काढतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात गावात वाचनालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्या आर्किटेक्ट बाई मोठ्या कडक. त्यांनी मिस्त्रींना बोलावून नकाशा पुढ्यात पसरला. वाचायच्या दालनात मधोमध एक टेबल. चौदा फूट लांब, साडेतीन फूट रुंद.

"जोड चालणार नाही," बाई म्हणाल्या. "एकच सलग फळी. मिळाली तर टेबल तुम्ही करा, कडेला पितळी पट्टीवर तुमचं नाव घालू. नाही मिळाली तर मी काचेचं मागवते."

काचेचं! कुणी तोंडावर शिवी हासडली असती तरी मिस्त्रींना इतकं लागलं नसतं. त्या दिवसापासून त्यांचं कशात लक्ष लागेना. रस्त्यानं जाताना ते झाडांचे बुंधे नजरेनं मोजायला लागले. जेवताना चौदा फूट, अंघोळ करताना साडेतीन फूट. पितळी पट्टीवर नाव कुठल्या वळणाचं घ्यायचं, हेसुद्धा ठरवून टाकलं. फक्त फळी तेवढी नव्हती.

आता या माणसाची दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मिस्त्री गावाच्या झाडं वाचवा समितीत होते. आणि उगाच खुर्ची उबवायला नव्हते हो, त्यांच्यावाचून समितीचं पान हलत नव्हतं. कारण मिस्त्रींना कान होता.

म्हणजे असं. रस्ते खात्याच्या साहेबांना कुठलंही झाड आडवं आलं की ते लिहून द्यायचे, झाड आतून पोकळ आहे, माणसांच्या डोक्यावर पडेल, तोडायची परवानगी द्या. मग समिती मिस्त्रींना पाठवायची. मिस्त्री आपली लाकडी मोगरी घेऊन जायचे, बुंध्यावर चहूबाजूंनी ठोके मारायचे आणि ऐकायचे. भरीव लाकूड टक् करतं आणि गप्प बसतं. पोकळ लाकूड टक् केल्यावर आतल्या आत थोडा वेळ घुमतं. अगदी बारीक. ते घुमणं ज्याला ऐकू येतं त्यानं सांगायचं, पोकळ की भरीव. गिरमिटानं भोक पाडून बघितलं असतं तर शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं, पण समितीचा पहिला नियमच तो होता: झाडाच्या अंगात लोखंड घालायचं नाही. पूर्वी खात्यानं तपासण्याच्या नावाखाली भोकं पाडून चांगली चांगली झाडं नासवली होती, म्हणून तो नियम. तो समितीच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता, आणि ज्यानं मोडला त्याला समितीतून काढायचं हे त्याच्या खाली.

सुरुवातीच्या वर्षांत मिस्त्री पाचातलं एखादं झाड पोकळ सांगायचे. मग ते तोडलं जायचं, अध्यक्षबाई दोन दिवस कुणाशी बोलायच्या नाहीत. या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका. बारीक अंगाच्या, पण रस्तेवाल्या साहेबांना समोर उभं करून असं झापायच्या की साहेबांना वाटायचं आता नकाशा भरायला सांगतात की काय.

पण गेल्या तीन वर्षांत चमत्कार झाला. मिस्त्रींनी एक्केचाळीस झाडं तपासली आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस भरीव निघाली! एकसुद्धा पोकळ नाही. समितीचा आनंद पोटात मावेना. अध्यक्षबाईंनी वार्षिक अहवालात छापलं, की समितीच्या अविरत प्रयत्नांमुळे गावातल्या झाडांची प्रकृती सुधारलेली आहे. मिस्त्रींनी तो अहवाल कारखान्यात खिळ्याला टांगून ठेवला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, भुसा घोट्यापर्यंत, आणि कोपऱ्यात रंधा मारायचं मोठं मशीन. ते सुरू झालं की शेजारचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. मिस्त्री पंधरा वर्षं त्याच्या तोंडाशी उभे होते, कानात कापसाचा बोळासुद्धा न घालता. ते म्हणायचे, कान झाकून सुतारकाम करणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं.

घरी मिस्त्रीणबाई होत्या. पूर्वी फार बोलायच्या. गेल्या तीन-चार वर्षांत गप्प झाल्या होत्या. मिस्त्री चहाच्या दुकानात दोस्तांना सांगायचे, "आमची ही आता शांत झाली. वयानं समज येते बघा माणसाला." दोस्त हेव्यानं बघायचे.

तर असं सगळं छान चाललेलं असताना दवाखान्याच्या चौकातल्या महोगनीचं प्रकरण आलं. रस्तेवाल्या साहेबांना तिथलं वळण रुंद करायचं होतं. त्यांनी नेहमीचा अर्ज ठोकला: झाड पोकळ वाटते. ते झाड नुसतं बघितलं तरी मान दुखायची. सरळसोट बुंधा, पहिली फांदी दोन मजल्यांवर. खाली दवाखान्याची बाकडी, त्यावर औषधाच्या रांगेतली माणसं सावलीला बसायची. मिस्त्रींनी ते झाड जन्मभर पाहिलं होतं, पण त्या दिवशी मोगरी घेऊन गेले आणि पहिल्यांदा त्यांना त्यात झाड दिसलंच नाही. टेबल दिसलं. चौदा फूट. साडेतीन फूट. एक सलग फळी.

त्यांनी सात ठिकाणी ठोके मारले. सातही ठिकाणी टक्, टक्, आणि शांत. मुळापासून वरपर्यंत भरीव! असं लाकूड आयुष्यात एकदा हाताखाली येतं. आणि मिस्त्रींच्या लक्षात आलं, की इथंच तर मेख आहे. झाड भरीव सांगावं तर ते उभं राहणार आणि फळी मिळणार नाही. झाड पोकळ सांगावं तर ते तोडणार आणि आतून निघणार अख्खं टेबल. खरोखरचं पोकळ झाड त्यांना काय कामाचं? त्यांना हवं होतं ते फक्त खोटं बोलूनच मिळण्यासारखं होतं.

आता मिस्त्री काही बदमाश माणूस नव्हे. त्यांनी क्षणभर विचार केला, आणि त्या क्षणभरात स्वतःला पटेल असं बरंच काही गोळा केलं. रस्तेवाले आज ना उद्या हे झाड घेणारच. सरपण करतील. त्यापेक्षा वाचनालयात दोनशे वर्षं राहील, पोरं त्यावर अभ्यास करतील. तोडलेल्या झाडाचं लाकूड सार्वजनिक कामाला द्यायचं, हा तर समितीचाच दुसरा नियम. म्हणजे सगळं नियमात बसतं. झाडाचंही कल्याणच. हे एवढं सगळं पटवून झाल्यावर मिस्त्री मागे उभ्या असलेल्या अध्यक्षबाईंकडे वळले आणि म्हणाले, "पोकळ आहे."

अध्यक्षबाईंचा चेहरा पडला. "नीट ऐकलंत ना, मिस्त्री?"

"बाई, ऐकणं हेच काम आहे माझं."

"तुम्ही म्हणता म्हणजे असणारच," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कागद पुढे केला. मिस्त्रींनी सही ठोकली.

चार दिवसांनी झाड पाडलं. बघायला अर्धा गाव लोटला. मिस्त्री सगळ्यांत पुढे, खिशात टेप, तोंडाला कोरड. करवत आरपार गेली, बुंधा आडवा झाला, धुरळा खाली बसला, आणि मिस्त्रींनी पाहिलं. झाड पोकळ होतं. नुसतं पोकळ नव्हे, आतून पार खाल्लेलं. कडेनं वीतभर लाकूड आणि मधे एवढी मोठी विहीर, की मूल आत उभं राहावं. त्यातून तपकिरी भुसा भळभळा बाहेर येत होता.

लोकांनी तोंडात बोटं घातली. "बाप रे! उद्या परवा पडलंच असतं की रांगेवर!" दवाखान्याचे कंपाउंडर तर मिस्त्रींचा हात सोडेनात. अध्यक्षबाईंचे डोळे भरून आले. आणि ज्या माणसानं आयुष्यात कधी समितीला चांगलं म्हटलं नव्हतं ते रस्तेवाले साहेब बुंध्यापाशी आले, बुटानं एक लाथ घातली आणि हसले. "अहो मिस्त्री, हे तर ढोलासारखं घुमतंय! हे मलासुद्धा ऐकू येतं की!" त्यांनी पुन्हा लाथ घातली. सगळे कौतुकानं ऐकत राहिले. बरोबर आलेली लहान पोरं पण कान लावून हसायला लागली.

मिस्त्रींना बुटाचा टक् एवढाच आवाज आला. बाकी काही नाही.

त्यांनी वाकून कान लाकडाला लावला. साहेबांनी तिसरी लाथ घातली. टक्. शांत. टेबल गेलं, हे तर त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच आकडा नाचायला लागला. एक्केचाळीस. घुमणं ऐकूच येत नसेल, तर सगळं जगच भरीव. चौकातलं भरीव, बस थांब्यावरचं भरीव, शाळेच्या फाटकावरचं भरीव!

इकडे अध्यक्षबाई लोकांसमोर बोलत होत्या. "स्वतःच्या टेबलासाठी लाकूड हवं होतं या माणसाला, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी त्यांनी खरं तेच सांगितलं. पोकळ लाकूड आपल्या काही कामाचं नाही, हे माहीत असून सांगितलं. याला म्हणतात निःस्पृहपणा!" मग त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की मिस्त्रींना गावाचे कायमचे वृक्षपरीक्षक नेमायचं, आणि समितीच्या दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी लावायची. टाळ्या झाल्या. घ्या! जन्मभर ज्या पितळेसाठी जीव टाकला ते पितळ असं चालत दारी आलं.

मिस्त्री घरी आले ते तडक स्वयंपाकघरात. मिस्त्रीणबाई पाठमोऱ्या भांडी घासत होत्या.

"अगं, तू मला मागून हाक मारतेस, तेव्हा मी ओ देतो का?"

बाईंचा हात थांबला. त्या वळल्या नाहीत, पण काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण त्यांचे खांदे हलले. मिस्त्री म्हणाले, "इकडे बघून बोल. मला ऐकू येत नाहीये."

तेव्हा त्या वळल्या. मग त्यांनी साबणाच्या हातानंच डोळ्याला पदर लावला आणि त्या इतक्या रडल्या, इतक्या रडल्या, की मिस्त्री घाबरले.

"अगं, बहिरा झालोय, मेलो नाही अजून."

"चार वर्षं झाली, तुम्ही ओ देत नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. आता मोठ्यानं. "मला वाटलं, आता माझ्याशी बोलण्यासारखं तुम्हाला काही उरलं नाही. पहिल्यांदा चिडले, मग भांडले, तर तुम्ही तिकडं तोंड करून रंधा मारत बसलात. मग म्हटलं, जाऊ दे. नको तर नको. मी पण बोलणं टाकलं." आणि एवढं बोलून त्या मधेच हसायला लागल्या. "बहिरे झालात होय! अहो, आधी सांगायचं नाही का?"

बहिऱ्या माणसाला आपण बहिरे झालोय हे कळत नाही, तो सांगणार काय कपाळ! पण मिस्त्रींनी त्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. महोगनी, टेबल, खोटी सही, एक्केचाळीस झाडं. सांगताना त्यांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यातलं सगळ्यांत मोठं झाड कुठलं?"

"शाळेच्या फाटकावरचा शिरीष."

"मग उद्या रविवार आहे. शाळा बंद. चला."

सकाळी आधी कारखान्यात मिस्त्रींनी त्यांना शिकवलं. एक भरीव ओंडका, एक पोखरलेला. दोन्हीवर ठोका. बाईंना पहिल्याच ठोक्याला कळलं. म्हणाल्या, "यात काय शिकायचंय? रिकामा डबा आणि भरलेला डबा मला न उघडता कळतो." मग दोघं शाळेपाशी गेली. शिरीषाच्या फांद्या फाटकावरून आत मैदानापर्यंत पसरलेल्या. रोज सकाळी चारशे पोरं त्याच्या खालून आत जायची. मिस्त्रींनी ठोका मारला. टक्. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा बदलला तेव्हाच त्यांना कळलं.

"घुमतंय हो," ती म्हणाली. "चांगलं घुमतंय."

दुपारी समितीची बैठक होती, पाटीवर कुठली अक्षरं कोरायची ते ठरवायला. मिस्त्री उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले. मला भरीव ऐकू आलं होतं, लाकडासाठी मी पोकळ सांगितलं. म्हणजे माझा शब्दही खोटा आणि कानही खोटा. एक्केचाळीस झाडं पुन्हा तपासा. शाळेचं आधी.

अध्यक्षबाई चष्मा काढून पुसत राहिल्या. मग त्यांनी मिस्त्रींना जवळ बसवलं आणि कानाशी तोंड नेऊन बोलल्या. "मिस्त्री, एक्केचाळीस तपासण्या खोट्या, असं आपण लिहून दिलं, तर काय होईल माहीत आहे? रस्तेवाले टपूनच बसलेत. ते काय पुन्हा ठोकत बसणार आहेत? ते सरसकट एक्केचाळीस तोडतील. त्यातली तीस तरी खरोखरच भरीव असतील. त्यांनी तुमच्या कानापायी मरायचं का?"

"पण शाळेचं झाड, बाई!"

"तीस वर्षं मी त्या शाळेत शिकवलंय. रोज त्याच्याखालून गेलेय. ते कुठे पडतंय इतक्यात?" आणि मग बाई जे बोलल्या ते त्या बोलून गेल्यावर त्यांनाच आवडलं नसावं. "तुम्हाला कान नसेल, मिस्त्री. पण सही तर आहे ना? ती तशीच राहू द्या. पुढचं पुढे बघू."

झाडं वाचवणारी माणसंच ती. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? त्यांना झाडं वाचवायची होती, आणि पोकळ झाड वाचवायचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे ते ठोकून न बघणं. मिस्त्रींना जन्मात पहिल्यांदा पाटी मिळत होती, तीही गप्प बसल्याबद्दल. ते उठले आणि घरी आले. बैठकीतली गोष्ट मात्र बैठकीत राहिली नाही. लाकडासाठी मिस्त्री खोटं बोलले, ही बातमी दिवेलागणीच्या आत गावभर झाली. बहिरेपणाची बातमी कुणी नेली नाही, तिच्यात मजा कमी होती.

सोमवारी शाळा भरायच्या आधी मिस्त्रींनी कारखान्यातल्या चार घोड्या नेऊन फाटकासमोर आडव्या टाकल्या. घोडी म्हणजे ज्यावर लाकूड ठेवून कापतात ते तिवईसारखं. "इकडून जायचं नाही. मागच्या दारानं जा," ते सगळ्यांना सांगायला लागले. पोरांना गंमत वाटली. आईबापांना नाही वाटली.

"काय मिस्त्री, आता शाळेचं झाड पाहिजे का टेबलाला?" एका बापानं पुढ्यात येऊन मोठ्यानं विचारलं, आणि सगळे हसले.

"हे झाड पोकळ आहे."

"तीन वर्षांपूर्वी तुम्हीच भरीव म्हणालात!"

"तेव्हा मी खरं बोललो होतो, पण चुकीचं होतं."

"आणि परवा?"

"परवा खोटं बोललो होतो, पण बरोबर निघालं."

आता यावर माणसानं काय समजावं? लोक चिडले. कुणी चोर म्हणालं, कुणी घोड्या ओढायला लागलं. त्या आवाजानं अध्यक्षबाई आल्या, आणि रस्तेवाले साहेब तर गाडी घेऊनच आले. त्यांना कुठून वास लागला कोण जाणे. आल्या आल्या म्हणाले, "मिस्त्री, लिहून द्या. सगळी एक्केचाळीस या आठवड्यात साफ करतो." अध्यक्षबाईंनी मिस्त्रींकडे असं पाहिलं, की बघा, मी काय सांगत होते. आणि ही सगळी मंडळी, शिव्या देणारी, हसणारी, साहेब, बाई, दप्तरं घेतलेली पोरं, सगळी उभी कुठे होती? शिरीषाखाली. ऊन लागत होतं ना!

"आधी सावलीतून बाहेर या!" मिस्त्री ओरडले. कुणी हललं नाही.

तेव्हा मिस्त्रींनी पिशवीतून गिरमिट काढलं. अध्यक्षबाई किंचाळल्या, "मिस्त्री! लोखंड!" पण पाठमोऱ्या मिस्त्रींना कुठे ऐकू येतंय? आलं असतं तरी ते थांबले नसते. त्यांनी छातीच्या उंचीवर टोक लावलं आणि पिळायला सुरुवात केली. पहिली चार बोटं लाकूड कडक लागलं. पांढरा ताजा कीस बाहेर आला. लोक म्हणाले, बघा, चांगल्या झाडाचा जीव घेतोय. मिस्त्रींच्या कपाळावर घाम आला. बायकोचं चुकलं असेल तर? आणखी एक वेढा. आणखी एक. आणि एकदम गिरमिट हातातून निसटल्यासारखं मुठीपर्यंत आत गेलं, मिस्त्रींचं तोंड बुंध्यावर आपटलं. त्यांनी ते उपसून काढलं. भोकातून तपकिरी भुसा सांडायला लागला, धार लागल्यासारखा, आणि त्याबरोबर मुंग्या.

सावली अर्ध्या मिनिटात रिकामी झाली. मघाशी चोर म्हणणारा बाप दोन पोरं दोन काखेत घेऊन सगळ्यांत आधी पळाला.

"झालं तर मग," साहेब दूर उभे राहून ओरडले. "दुपारी करवत आणतो."

"करवत कशाला?" मिस्त्री तोंडावरचं रक्त पुसत म्हणाले. "वरच्या चार फांद्या हलक्या करा. फाटक इथून काढून पलीकडच्या भिंतीत बसवा, खाली कुंपण घाला. खाली माणूस नसेल तर पोकळ झाड आणखी पंचवीस वर्षं खुशाल उभं राहील. फाटक मी हलवतो."

हे ऐकून अध्यक्षबाईंच्या जिवात जीव आला. पण नियम तो नियम. त्यांनी भोकाकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं, आणि त्यांच्या समोर उभं राहून मोठ्यानं सांगितलं, की आजपासून तुम्ही समितीत नाही. "आणि उरलेल्या चाळीस झाडांचं काय करायचं? सगळ्यांना भोकं पाडायची?"

"भोकं नकोत. मी ठोकतो, ही ऐकते," मिस्त्रींनी बायकोला पुढे केलं. "हिचा कान शाबूत आहे."

मिस्त्रीणबाई इतका वेळ गर्दीच्या कडेला पिशवी धरून उभ्या होत्या. त्यांनी सावकाश पदर खोचला. "ऐकीन की," त्या म्हणाल्या. "पण कागदावर सही माझी राहील. यांची नको."

"काय म्हणाली ही?" मिस्त्रींनी विचारलं. कुणालाच सांगवेना. शेवटी तिनंच समोर येऊन सांगितलं. मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

लोक मागच्या दाराकडे गेले. अध्यक्षबाई तेवढ्या थांबल्या. त्यांना मिस्त्रींना एक विचारायचं होतं, खाजगीत विचारायचं होतं, म्हणून त्या हळू बोलल्या. मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. त्या पुन्हा बोलल्या. तरी नाही. शेवटी त्यांना वर्गात ओरडायच्या तसं ओरडावं लागलं, आणि ते अख्ख्या रस्त्यानं ऐकलं.

"मग महोगनीच्या वेळी हे का नाही सुचलं तुम्हाला? बाकडी हलवली असती! फांद्या उतरवल्या असत्या! ते पण उभं राहिलं असतं की हो!"

मिस्त्री फाटकाची बिजागरी तपासत होते. त्यांचा हात तिथेच राहिला.

"तेव्हा मला टेबल सुचत होतं, बाई," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिला स्क्रू काढायला घेतला.